पन्नासचा कंडेन्सर

अर्धापूरच्या बाजाराच्या वाटेवर ग्यानोबा हणवते यांचं मोटरी भरायचं दुकान चाळीस वर्षं चाललं. एवढ्या वर्षांत त्या दुकानात ग्यानोबांचा आवाज कुणी फारसा ऐकला नाही. केळीच्या बागांवरच्या पाण्याच्या मोटरी जळायच्या. शेतकरी त्या टेम्पोत घालून आणायचे आणि दारातूनच ओरडायचे, "मिस्त्री, बाग वाळून राहिली, आजच्या आज भरून द्या!" ग्यानोबा मान हलवायचे, मोटर उघडायचे, जळकी तार काढून टाकायचे आणि नवी भरायला बसायचे. तारेचे वेढे मोजताना ते तोंड उघडत नसत. मोजायचं नसलं तरी फारसं उघडत नसत. मजुरीचा आकडासुद्धा त्यांच्या तोंडून निघत नसे. दुकानामागंच घर होतं. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, की त्यांच्या बायकोचा, सरजाबाईंचा, आवाज आतून यायचा, "त्यायला काय बोलून राहिलात? इकडं बोला माझ्याशी!"

असा माणूस एकोणसत्तराव्या वर्षी लातूरच्या घरमालकाशी डिपॉझिटसाठी भांडायला निघाला, तेव्हा गल्लीत दोघातिघांना हसू आलं.

प्रकरण असं होतं. त्यांची नात महामाया डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला लातूरला क्लासला होती. तिचा बाप आनंदराज नांदेडला एका दवाखान्याची गाडी चालवतो, आई अंगणवाडीत. त्यांना सुट्टी कुठली? मग पोरीच्या भाकरीसाठी सरजाबाईच दोन वर्षं लातूरला जाऊन राहिल्या. विरूपाक्षअप्पा कलशेट्टी यांच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. पंचवीस हजार डिपॉझिट दिलं. मे महिन्यात परीक्षा झाली, खोल्या सोडल्या. आता सप्टेंबरात महामायाचा आयुर्वेदाच्या कॉलेजात नंबर लागला होता. फी सवलतीत बसली, पण वसतिगृहाचे वीस हजार शनिवारपर्यंत भरायचे होते. आनंदराजनं घरात होतं नव्हतं ते पुस्तकं आणि कपड्यांना घातलं होतं. आशा होती ती डिपॉझिटची, आणि ते अप्पांनी अडकवून ठेवलं होतं.

कारण मोटर.

लातूरला नळ आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून अप्पांच्या घरात चार भाडेकरू बोअरच्या पाण्यावर होते. त्या बोअरला पाणी पाऊण तासाचं. त्याहून जास्त वेळ मोटर चालली तर ती कोरडी फिरून बिघडायची. सरजाबाई दिवसभर घरात असायच्या, म्हणून मोटरीचं बटन अप्पांनी त्यांच्याकडं सोपवलं. त्या घड्याळ बघत नसत. सकाळी पीठ मळायला घेतलं की मोटर चालू करायची, शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की बंद करायची. दोन वर्षांत एकदाही टाकी रिकामी राहिली नाही आणि एकदाही उतू गेली नाही. एप्रिलमध्ये एके सकाळी मोटर जळाली. अप्पांनी चारचौघांत सांगितलं, "म्हातारी बटन बंद करायला विसरली."

सरजाबाई तेव्हा कडकडून भांडल्या होत्या. पण पुढं पुढं त्या महामायाला विचारायला लागल्या, "मी बंद केली व्हती ना गं? तू पाह्यलं व्हतं का?" महामाया तर क्लासला गेलेली. एकदा घरी असाच विषय निघाला आणि ग्यानोबा म्हणाले, "राहिली आसंल चालू. वय झालं." वर्षभरात ते जी काय दोन-चार वाक्यं बोलले असतील, त्यात हे एक. त्या दिवसापासून मोटरीचा विषय सरजाबाईंनी घरात काढला नाही.

निघायच्या दिवशी, बुधवारी सकाळी, त्यांनी भाकरी बांधून दिली आणि बजावलं, "हे बगा, भांडायला चाललाव, पाव्हणचार खायला न्हाई. चहा दिला की लगेच हाव म्हणू नका."

"हाव," ग्यानोबा म्हणाले.

"झालं! इथंच हाव म्हणून राहिले."

नांदेडहून लातूरच्या एसटीत बसल्यावर ग्यानोबांनी मनात वाक्य जुळवलं. अप्पा, पोरीचं ॲडमिशन हाय, शनिवार शेवटचा दिवस हाय, मोटर आमच्यानं जळली न्हाई, आमचे पैसे देऊन टाका. लोह्यापर्यंत ते वाक्य बरं वाटत होतं. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्यातला मोटरीचा भाग गळाला, कारण मोटर आपल्यानं जळली नाही हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? लातूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत एवढंच उरलं होतं: अप्पा, पैसे.

विरूपाक्षअप्पा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. कपाळाला विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा, डाळमिलमध्ये बत्तीस वर्षं मुनीमकी केलेल्या माणसाची ताठ पाठ. ग्यानोबांना बघून त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"या हणवते. येणार म्हणून कळलंच होतं. हिशेब तयार ठेवलाय." त्यांनी खिशातून कागद काढला. "मोटर चौदा हजार. जुनी काढायची, नवी सोडायची मजुरी दोन. रंग पाच. खिळे नऊ. त्याचे पाचशे."

"नऊ?"

"मोजलेत. दोन खोल्यांत नऊ खिळे कोण मारतं हो?"

ग्यानोबांना ते माहीत होतं. एक बाबासाहेबांच्या फोटोचा, एक बुद्धाच्या, एक कॅलेंडरचा, एक चाळणीचा. पण ते मोजून होईपर्यंत अप्पा पुढं गेले होते.

"राहिले साडेतीन हजार. ते घ्या, इथं सही करा आणि मोकळे व्हा. माझं काही म्हणणं नाही तुमच्याबद्दल. माणूस चांगला आहात तुम्ही. पण म्हातारीनं नुकसान केलं त्याला मी काय करू?"

एसटीत जुळवलेलं सगळं ग्यानोबांच्या डोक्यातून गेलं. अप्पा, पैसे, एवढंसुद्धा राहिलं नाही. बराच वेळ त्यांनी त्या कागदाकडं बघितलं. मग विचारलं, "जळकी मोटर हाय का?"

"आहे की, जिन्याखाली. भंगारवाला दोन हजार देतो म्हणतोय. तीनच्या खाली मी देत नाही."

"बगू का?"

"बघा. बघायला पैसे पडत नाहीत."

जिन्याखालून तो लांब लोखंडी दंडगोल ग्यानोबांनी एकट्यानं ओढून काढला. पिशवीत पाने, पक्कड, हातोडी होतीच. ते बाहेरगावी लग्नाला गेले तरी पिशवीत एवढं असायचंच. ओसरीच्या फरशीवर पोतं अंथरून त्यांनी आधी पंप उघडला. आतल्या चकत्या एकेक काढून पोत्यावर मांडल्या. मग मोटर उघडली. काळं तेल सांडलं, जळका वास सुटला. अप्पांनी नाकाला उपरणं लावलं, पण हलले नाहीत. वरच्या मजल्यावरून एक भाडेकरू डोकावला. अप्पांची सून रुद्राणीही दारात येऊन उभी राहिली.

ग्यानोबांनी एक चकती उचलून अप्पांच्या हातात दिली. "बगा. पलास्टिकची हाय. मोटर कोरडी फिरली आसती तर ही आधी वितळली आसती. एक बी वितळली न्हाई."

अप्पांनी चकती उलटसुलट केली. मग दुसरी घेतली. मग सगळ्या मोजल्या. बाराच्या बारा धड होत्या.

"आता हे बगा." ग्यानोबांनी मोटरीच्या पोटात बोट दाखवलं. "तारेची दोन वळणं आसत्यात. एक मोटर चालू करायचं, एक चालवायचं. चालवायचं कसं लाल हाय, बगा, नव्यावाणी. चालू करायचं कोळसा झालं. कोरडी जळली आसती तर दोन्ही गेली आसती. सरजाबाईनं बटन येळेवर बंद केलं व्हतं."

एवढं बोलून त्यांना धाप लागल्यासारखं झालं. अप्पा मात्र इतक्यात ऐकणारे नव्हते.

"तुम्ही तिचे मालक. तुम्ही तर म्हणणारच, तिची चूक नाही म्हणून. मग जळाली कशानं? भुतानं जाळली?"

"पॅनल बगतो," ग्यानोबा म्हणाले.

पॅनल म्हणजे जिन्याच्या भिंतीवरची पत्र्याची पेटी. मोटर नवी घेतली तरी अप्पांनी पेटी जुनीच ठेवली होती. "नव्या पेटीचे बावीसशे सांगत होते," ते मागून म्हणाले, "म्हटलं, ही ठणठणीत आहे की!"

ग्यानोबांनी झाकण उघडलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. आतल्या कंडेन्सरवर, मोटरीला उठायला जोर देणाऱ्या पांढऱ्या डबीवर, हिरव्या पट्टीचे तीन वेढे होते. अशी हिरवी पट्टी ते स्वतःच गुंडाळत आले होते, चाळीस वर्षं. त्यांनी पट्टी जरा सरकवली. खाली छापलं होतं: पन्नास.

मग सगळं आठवलं. संक्रांतीला ते नातीला भेटायला आले होते. अप्पा जळकोटला मळ्यावर गेले होते. मोटर नुसती घुमत होती, उठत नव्हती. भाडेकरणी बादल्या घेऊन वर टाकीपाशी उभ्या होत्या. ग्यानोबांनी पेटी उघडली, तर कंडेन्सर फुगलेला. या मोटरीला छत्तीसचा लागतो. पिशवीत होता तो केळीच्या मळ्यांवरच्या मोठ्या मोटरींचा, पन्नासचा. आजच्या दिवस भागेल, उद्या छत्तीसचा आणून बसवू, असं म्हणून त्यांनी तो लावला. मोटर दणक्यात उठली, पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं ते परतले. पुढं त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि गोष्ट पार डोक्यातून गेली. कुणाला बोलले नव्हते, सरजाबाईंनाही नाही. सांगितलं की लोक आभार मानतात, आणि आभार मानले की उलट काय बोलावं ते त्यांना कधी सुचायचं नाही.

जास्तीचा कंडेन्सर बसवला की मोटर जोमानं चालते, आणि आतून रोज थोडी थोडी भाजत जाते. संक्रांत ते एप्रिल, तीन महिने. आता नवी मोटरही याच कंडेन्सरवर होती. पावसाळ्यात पाणी वर आलेलं, मोटर कमी चालायची, म्हणून दम धरून होती एवढंच.

"काय निघालं?" अप्पांनी विचारलं.

"कंडेन्सर बदलावा लागंल. आणतो."

गल्लीच्या तोंडाशी मृत्युंजयचं वायंडिंगचं दुकान होतं. ग्यानोबांनी छत्तीसचा कंडेन्सर मागितला, पैसे दिले आणि तिथल्याच बाकड्यावर बसून राहिले. डबी खिशात होती. जायचं, ही बसवायची, ती पिशवीत टाकायची. पाच मिनिटांचं काम. कुणाला काही कळणार नव्हतं. चकत्या अप्पांनी डोळ्यांनी बघितल्या होत्या. आणखी थोडं लावून धरलं तर ते नमले असते, आणि शनिवारच्या आत महामायाचे पैसे भरले गेले असते. खरं सांगितलं तर अप्पा म्हणणार, मग भरा नुकसान. पोरीला काय सांगायचं? तुझ्या आजोबाच्या पिशवीत छत्तीसचा नव्हता म्हणून?

पण अप्पांचा प्रश्न तसाच राहत होता. मग जळाली कशानं? त्याला उत्तर मिळालं नाही, तर उद्या अप्पा गल्लीत सांगणार होते, मिस्त्रीनं बायकोला सोडवून नेलं. सरजाबाईच्या बाजूनं फक्त नवऱ्याचा शब्द राहणार होता.

ते उठले तेव्हाही त्यांचं काही ठरलं नव्हतं.

ओसरीवर रुद्राणी चहा घेऊन उभी होती. "आजोबा, एक सांगू का? आजींना म्हणावं, आता फोनवर माफी मागू नका. कधीही फोन केला की आधी तेच. बाई, माझ्यानं तुमची मोटर गेली, मनात ठेवू नका. ऐकून मलाच कसंतरी होतं."

ग्यानोबांनी कप घेतला नाही. "माफी मागते?"

"दर वेळी. तुम्हाला माहीत नाही?"

त्यांना वाटत होतं, सरजाबाई फोनवर भांडत असतील. घराच्या मागं जाऊन, हळू आवाजात त्या कुणाशी बोलायच्या, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

ते पेटीपाशी गेले, मेन स्विच पाडला, हिरव्या पट्टीचा कंडेन्सर काढला आणि अप्पांच्या पुढ्यात, त्या हिशेबाच्या कागदावर आणून ठेवला.

"ह्यानं जळली. हा मी बसवला व्हता. संक्रांतीला, तुम्ही जळकोटला व्हता तवा. छत्तीसचा पायजे व्हता, मी पन्नासचा घातला. बदलायचा राहून गेला. कोणाला सांगितलं बी न्हाई. सरजाबाईची चूक न्हाई. माझी हाय."

अप्पांनी कंडेन्सरकडं बघितलं, ग्यानोबांकडं बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "म्हणजे तुमच्याच घरानं जाळली! मी वेगळं काय म्हणत होतो?"

"मामंजी," रुद्राणी म्हणाली, "तुम्ही आजींचं नाव घेत होता."

"घर एकच ना!"

"घर एक असलं तरी बोल कुणाला लागला? चार जणांपुढं म्हणाला होता तुम्ही."

वरून भाडेकरू म्हणाला, "व्हय अप्पा, मी पण होतो तेव्हा." अप्पांनी वर असं बघितलं, की तो माणूस आत गेला.

ग्यानोबांनी नवा कंडेन्सर बसवला, स्विच टाकला. मोटर शांतपणे चालू झाली. अप्पा तो आवाज ऐकत होते. "पण हणवते, मला कधी कळलं नसतं. सांगितलं कशाला?"

"नवी बी जळली आसती," ग्यानोबा म्हणाले. थांबून म्हणाले, "आन ती माफी मागून राहिली."

अप्पांनी पन्नासचा कंडेन्सर कागदावरून उचलून बाजूला ठेवला. ग्यानोबाच पुढं म्हणाले, "ही जुनी मी भरून देतो. तार माझी, हात माझा. दोन दिवस लागतील. नव्यावाणी चालंल."

"मला दोन-दोन मोटरी काय लोणच्यात घालायच्या?"

"जळकोटला मळ्यातल्या घरी पाहिजेच होती की," रुद्राणी म्हणाली. "परवाच भाव काढायला सांगत होता तुम्ही."

सौदा असा भर ओसरीवर उघडा पडलेला अप्पांना आवडला नाही. ते सुनेला म्हणाले, "चहा गार झाला त्यांचा. दुसरा आण." तो चहा ग्यानोबांनी घेतला.

गुरुवारी सकाळपासून ओसरीवर काम सुरू झालं. मृत्युंजयनं साचा आणि तार गुंडाळायचं चाक एका दिवसासाठी दिलं. रात्री ग्यानोबा वरच्या रिकाम्या खोलीतच झोपले होते. "भाडं लावत नाही," असं अप्पांनी दोनदा सांगितलं होतं. अप्पा खुर्ची ओढून समोर बसले. मिस्त्री तार किती वापरतो, जुनं तांबं कुठं ठेवतो, सगळं त्यांना बघायचं होतं.

"हणवते, तुमची नात हुशार दिसते. अभ्यासाला पहाटे—"

ग्यानोबांनी हात थांबवला, गुंडाळलेली तार उलगडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"का हो, काय झालं?"

"मोजणी चुकली."

अप्पा गप्प झाले. थोड्या वेळानं न राहवून म्हणाले, "किती झाले?" तार पुन्हा उलगडली. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. पोती मोजण्यात त्यांचंही आयुष्य गेलं होतं. मध्येच कुणी बोललं की काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. मग ते स्वतःच ओठांत मोजायला लागले, लहानपणी उदगीरकडं ऐकलेल्या कानडी आकड्यांत. ओंदू, यरडू, मूरू, नाल्कू. वेटोळं पूर्ण झालं तेव्हा ग्यानोबांनी वर बघितलं.

"अठ्ठावन्न," अप्पा म्हणाले.

ग्यानोबांनी मान हलवली. अठ्ठावन्नच होते.

दुपारी जेवताना अप्पांनी आपण होऊनच विषय काढला. "आधीचा भाडेकरू तीन महिन्यांचं भाडं बुडवून गेला. जाताना पंखासुद्धा काढून नेला. तेव्हापासून मी आधी पैसे धरून ठेवतो, मग ऐकतो." ग्यानोबा जेवत राहिले. "म्हणजे तुम्ही तसले आहात असं नाही," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला लावली.

संध्याकाळी वळणं बसवून झाली, वार्निश लावलं. वाळेपर्यंत रिकामा वेळ होता, तर ग्यानोबांनी वरच्या खोल्यांतले नऊ खिळे पकडीनं उपटले, भोकांत पुट्टी भरून वरून घासून घेतलं. अप्पा जाऊन बघून आले. प्रत्येक जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. सातवी जागा त्यांना सापडलीच नाही, ती ग्यानोबांना दाखवावी लागली.

शुक्रवारी सकाळी मोटर जोडून पाण्यानं भरलेल्या पिंपात सोडली. अप्पा अगदी जवळ वाकून बघत होते. ग्यानोबांनी त्यांना मागं व्हा म्हणून हातानं खुणावलं, पण ते नेमके तेव्हा पाईप कसा जोडला ते तपासत होते. बटन दाबलं. पाण्याचा फवारा थेट ओसरीच्या पत्र्यावर गेला आणि तिथून अप्पांवर. विभूती नाकावर ओघळली. रुद्राणी तोंडाला पदर लावून आत पळाली.

"चालते," अप्पा चेहरा पुसत म्हणाले.

मग तो कागद पुन्हा निघाला. अप्पांनी मोटरीच्या चौदा हजारांवर काट मारली. खिळ्यांच्या पाचशेवर मारली. काढण्या-सोडण्याचे दोन हजार तसेच ठेवले. त्यावर ग्यानोबांनीच मान हलवली, ते रास्त होतं. रंगाच्या पाच हजारांशी पेन थांबलं.

"रंग दोन वर्षांनी द्यावाच लागतो," रुद्राणी आतून म्हणाली. "आपण दिवाळीला देणारच होतो."

"तू भाडेकरूंकडून आहेस का घरमालकाकडून?"

"मी रंगाकडून आहे."

अप्पांनी पाचाचे अडीच केले. साडेवीस हजार रुद्राणीनं फोनवरून आनंदराजच्या खात्यावर टाकले. अप्पांनी तिच्या खांद्यावरून शून्यं मोजली आणि मगच बटन दाबू दिलं. ग्यानोबा निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. "म्हातारीला..." ते म्हणाले, थांबले, आणि म्हणाले, "सरजाबाईंना सांगा, आता बटन दुसऱ्या भाडेकरणीकडं दिलंय. टाकी रोज उतू जाते."

अर्धापूरला पोचायला दिवस कलला. सरजाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. पैसे आल्याचा आनंदराजचा फोन दुपारीच येऊन गेला होता, वसतिगृहाचे भरूनही झाले होते.

"आले का भांडून? चहा घेतला?"

"घेतला. तीन दिवस."

"मला ठावंच व्हतं."

ग्यानोबा पिशवी खाली ठेवून तिथंच पायरीवर बसले. "सरजाबाई, मोटर तुझ्यानं जळली न्हाई."

मेथीची जुडी सरजाबाईंच्या हातात तशीच राहिली. "मंग?"

"माझ्यानं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. संक्रांत, फुगलेला कंडेन्सर, पन्नासचा, छत्तीसचा, बाराच्या बारा चकत्या. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ते एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. मध्ये दोनदा अडखळले. शेवटी म्हणाले, "आन मी तुला म्हणलो व्हतो, राहिली आसंल चालू, वय झालं. ते बी चुकलं माझं."

सरजाबाईंनी विचारलं, "हे अप्पाम्होरं बोललात?"

"हाव."

"रुद्राणी व्हती?"

"व्हती. वरून तो भाडेकरू बी ऐकून राहिला व्हता."

"काय म्हणलात, तसंच म्हणा."

"सरजाबाईची चूक न्हाई. माझी हाय."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पाच महिने मी त्या दिवसाच्या भाकरी मोजून राहिले. सात केल्या व्हत्या. सातवी उतरवली, हात पुसला, बटन बंद केलं. रोज मोजायची, रोज सातच भरायच्या. तरी बी वाटायचं, कुठंतरी एखादी सुटली आसंल."

ग्यानोबांनी मेथीची एक काडी उचलली आणि पानं खुडायला लागले.

"ते राहू द्या," सरजाबाई म्हणाल्या. "फोन लावा."

"कोणाला?"

"रुद्राणीला. पाच महिने त्या बाईला माफ्या मागून राहिले मी. आता सगळ्या परत घ्यायच्या हायेत."

ग्यानोबांनी फोन लावून दिला. सरजाबाईंनी पदर सावरला, आणि यावेळी घराच्या मागं न जाता तिथंच दारात, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं, "बाई, मी सरजाबाई बोलून राहिले. तुमच्याकडं माझ्या माफ्या किती झाल्या, मोजल्या व्हत्या का?"